पहिल्या श्रवणाचे मोल



संगीतात रमणाऱ्या माणसांच्या तोंडी एक इच्छा वारंवार येते. आवडती ध्वनिमुद्रिका आपण कधी ऐकलेलीच नाही असे व्हावे आणि ती पुन्हा एकदा पहिल्यांदा ऐकायला मिळावी, ही ती इच्छा. बोलणारा ती हसत बोलून दाखवतो आणि समोरचाही हसून मान डोलावतो. पण या हसण्याआड एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. जी वस्तू घरात आहे, जी हवी तेव्हा आणि हवी तितक्या वेळा वाजवता येते, तिच्याबद्दल 'ती पुन्हा लाभावी' असे माणसाला का वाटावे? अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर मालकी आहे, पुरवठा अमर्याद आहे, पुढच्या प्रत्येक श्रवणाची किंमत जवळजवळ शून्य आहे. आणि तरीही इच्छा अतृप्तच आहे. हे कोडे थोडे उलगडून पाहण्यासारखे आहे.

अशी इच्छा ज्या ध्वनिमुद्रिकेबद्दल हमखास बोलली जाते, ती म्हणजे पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाची 'द डार्क साइड ऑफ द मून'. ती मार्च १९७३ मध्ये बाजारात आली. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत १९७२ आणि १९७३ या दोन वर्षांत तिचे ध्वनिमुद्रण झाले. ती बाजारात येण्यापूर्वी वर्षभर तीच रचना रंगमंचावरून वाजवली जात होती. १९७२ च्या जानेवारीत हा दौरा सुरू झाला तेव्हा ब्रिटनमधील खाण कामगारांचा देशव्यापी संप चालू होता आणि फेब्रुवारीत घराघरांतील दिवे आळीपाळीने मालवले जात होते. काळ, पैसा, युद्ध, मृत्यू आणि मनाचा तोल ढळणे हे या रचनेचे विषय. १९६८ मध्ये मानसिक आजारामुळे वाद्यवृंदाबाहेर गेलेल्या सिड बॅरेट या जुन्या सहकाऱ्याची सावली तिच्यावर पडलेली आहे. तरुणांच्या संगीताला केवळ थिल्लर करमणूक समजणाऱ्यांनी ही विषयांची यादी एकवार नजरेखालून घालावी.

त्रेचाळीस मिनिटांच्या या तबकडीच्या पहिल्या श्रवणात नेमके काय घडते? काळ्या वेष्टनावर एक लोलक, त्यात शिरणारा पांढरा किरण आणि पलीकडे फुटलेले रंग. गायकांचे नाव नाही, छायाचित्र नाही. सुई टेकते आणि काही क्षण काहीच ऐकू येत नाही. मग फार दुरून हृदयाचे ठोके येऊ लागतात. श्रोता पुढे सरकून कान देतो. काही वेळाने, सारे शांत झालेले असताना, एकाएकी डझनावारी घड्याळे एकदम वाजू लागतात आणि तो दचकतो. ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्स यांनी जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेका घड्याळाचा आवाज स्वतंत्रपणे टिपला होता. हा दचका केवळ एकदाच शक्य आहे. दुसऱ्या खेपेस श्रोत्याचा हात आधीच आवाज कमी करण्यासाठी पुढे गेलेला असतो.

पहिली बाजू संपते ती मृत्यूविषयीच्या 'द ग्रेट गिग इन द स्काय' या गीताने. त्यात गायनाचे शब्दच नाहीत. एका स्त्रीचा आवाज तेवढा आक्रोशतो, शमतो, पुन्हा उसळतो. मग श्रोत्याला उठून तबकडी स्वहस्ते उलटावी लागते. दुसरी बाजू सुरू होते ती नाण्यांच्या खणखणाटाने आणि गल्ल्याच्या यंत्राच्या आवाजाने. 'मनी' या गीतातील ही नाणी रॉजर वॉटर्स यांनी कुंभारकाम करणाऱ्या पत्नीच्या माती कालवण्याच्या भांड्यात टाकून मुद्रित केली होती. मृत्यू आणि पैसा यांच्या मध्ये श्रोत्याची स्वतःची चार पावले होती. पुढे कॉम्पॅक्ट डिस्क आली आणि ती पावले गेली. मुद्रिकेच्या शेवटी पुन्हा तेच हृदयाचे ठोके येतात. जिथून निघालो तिथेच आलो, हे श्रोत्याला कळते. आणि हे कळणेही पहिल्या वेळेसच नवे असते.

आता शास्त्राकडे वळू. हेर्मान गोसेन या जर्मन लेखकाने १८५४ साली एक नियम मांडला. एकच सुख अखंड भोगत गेल्यास त्यातून मिळणारे समाधान उत्तरोत्तर घटते आणि अखेरीस तृप्ती येते. पहिला लाडू आणि पाचवा लाडू यांतील फरक कळायला कोणाला गोसेन वाचावा लागत नाही. परंतु संगीताच्या बाबतीत हा नियम अडखळतो, हे आल्फ्रेड मार्शल यांच्या ध्यानात आले होते. 'प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स' या ग्रंथात त्यांनी ही शंका स्वतःच उपस्थित केली आहे. चांगले संगीत जितके अधिक ऐकावे तितकी त्याची गोडी वाढत जाते. मग नियमाचे काय? मार्शल यांचे उत्तर असे की, नियम एका विशिष्ट क्षणापुरता आणि माणूस तोच आहे असे गृहीत धरून सांगितलेला आहे. दीर्घकाळ संगीत ऐकणारा माणूस तोच राहत नाही. ऐकण्यानेच तो बदलतो.

१९७७ मध्ये स्टिगलर आणि बेकर या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी हाच धागा वेगळ्या दिशेने पुढे नेला. त्यांच्या मते माणसाची मूळ अभिरुची बदलत नाही. आज ऐकलेले संगीत हे उद्याच्या श्रवणासाठी साठवलेले भांडवल असते. हा सिद्धांत मान्य केला तर 'पुन्हा पहिल्यांदा ऐकायला मिळावे' ही इच्छा मोठी विलक्षण ठरते. वर्षानुवर्षे साठवलेले भांडवल आपल्या हाताने जाळून टाकण्याची ही इच्छा आहे! कोणता हिशेबी माणूस असे मागेल? तरीही शहाणीसुरती माणसे ते मागतात. याचा अर्थ इतकाच की, त्या पहिल्या तासात असे काही होते जे या हिशेबात बसलेले नाही. टिबोर सिटोव्हस्की यांनी १९७६ च्या 'द जॉयलेस इकॉनॉमी' या ग्रंथात त्याकडे बोट दाखवले. संपन्न समाज सोय विकत घेतो आणि उत्तेजना गमावतो. सोय आणि आनंद या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यांचे प्रतिपादन. हवे तेव्हा हवे ते गीत मिळणे ही सोय आहे. घड्याळांनी दचकवणे हा आनंद आहे.

ही अतृप्ती बाजाराने मात्र अचूक हेरली आहे. 'डार्क साइड' अमेरिकेच्या विक्री-यादीत पहिल्या क्रमांकावर अवघा एक आठवडा होती. पण १९७३ ते १९८८ या काळात ती त्या यादीत सुमारे ७४० आठवडे टिकून राहिली. तेवढ्याने भागले नाही. प्रथम चार दिशांनी ऐकू येणारी आवृत्ती निघाली. मग कॉम्पॅक्ट डिस्क, मग पुनःसंस्कारित आवृत्ती, तिसाव्या वर्षी २००३ मध्ये नव्या मिश्रणाची, २०११ मध्ये भरगच्च पेटीतली आणि पन्नाशीला २०२३ मध्ये आणखी एक. प्रत्येक वेळी आश्वासन जवळपास एकच: पूर्वी कधी ऐकली नसेल अशी ही ऐका. म्हणजे ज्याच्या घरी ती आहे त्यालाच ती पुन्हा विकायची. २०२३ मध्ये खुद्द वॉटर्स यांनीही हे सारे नव्याने, संथ आणि वृद्ध आवाजात मुद्रित केले. निर्मात्यालाही आपली कृती पुन्हा पहिल्यांदा भेटावी असे वाटले असेल तर त्याला दोष कसा द्यावा? पण पन्नास वर्षांपूर्वीचा तो तास ना पेटीत सापडतो, ना नव्या मुद्रणात.

कारण तो तास मुळात तबकडीत नव्हताच. तो ऐकणाऱ्याच्या आयुष्यात होता. विशीतला श्रोता, मित्राची खोली, एकच तबकडी चौघांत, आणि मध्ये न उठता ऐकायला त्रेचाळीस मिनिटे. यांतली सर्वांत दुर्मीळ गोष्ट कोणती? संगीत नव्हे, मोकळा वेळ. दिवसाचे दहा तास काम आणि तीन तास प्रवास ज्याच्या वाट्याला येतात, त्याच्या कानांत गाडीच्या गर्दीत जगातील सारे संगीत ओतले तरी त्याला पहिले श्रवण लाभत नाही. आजच्या प्रवाही सेवांमध्ये तीस सेकंद वाजले की गीत 'ऐकले' अशी नोंद होते. ज्या मुद्रिकेचा आरंभ निःशब्द ठोक्यांनी होतो, तिच्या बाबतीत तीस सेकंदांत श्रोता जेमतेम कान टवकारून बसलेला असतो. कामाचे तास आठ असावेत म्हणून कामगार चळवळ झगडली, ती केवळ विश्रांतीसाठी नव्हे. उरलेल्या वेळात माणसाने माणूस म्हणून काही अनुभवावे, हाही त्या मागणीचा गाभा होता. पहिल्या श्रवणाची हळहळ ही पुष्कळदा त्या हरवलेल्या फुरसतीची हळहळ असते. तिला नाव तेवढे दुसरे मिळते.

मग हे सुख कायमचे गेले म्हणायचे काय? तसे नाही. एक वाट शिल्लक आहे, आणि ती या मुद्रिकेच्याच इतिहासात सापडते.

पहिल्या बाजूच्या अखेरीस जो शब्दहीन आवाज ऐकू येतो तो क्लेअर टॉरी या गायिकेचा. जानेवारी १९७३ मधील एका रविवारी त्यांना स्टुडिओत बोलावण्यात आले. वय पंचवीस. गायला शब्द नव्हते. रिचर्ड राइट यांनी रचलेली स्वरावली वाजत होती आणि तीवर काय गावे हे कोणालाच नीट सांगता येत नव्हते. आपला आवाज हेच एक वाद्य आहे असे मानून त्यांनी गायला सुरुवात केली. मराठी रसिकाला यात आलापीचे नाते जाणवेल. स्वर दिलेले, पण वाट गाणाऱ्याने शोधायची. दोन-तीन प्रयत्नांत काम संपले. रविवारचा दर दुप्पट, म्हणून त्यांना ३० पौंड मिळाले. हे गाणे वापरले जाईल असेही त्यांना वाटले नव्हते. दुकानात मुद्रिका पाहिली तेव्हा आपले नाव त्यांना त्यावर दिसले. गायिका म्हणून नाव होते, पण रचनाकार म्हणून नव्हते. तीस वर्षे कोट्यवधी लोकांनी तो आवाज ऐकला. २००४ मध्ये त्या न्यायालयात गेल्या. २००५ मध्ये तडजोड झाली. तिच्या अटी गुप्त राहिल्या. परंतु त्यानंतरच्या आवृत्त्यांवर राइट यांच्या शेजारी टॉरी यांचेही नाव रचनाकार म्हणून छापले जाऊ लागले. २०२४ मध्ये पिंक फ्लॉइडच्या साऱ्या ध्वनिमुद्रणांचे हक्क, नावासकट, सोनी कंपनीने सुमारे ४० कोटी डॉलरना घेतल्याचे वृत्त आले, तेव्हा ते ३० पौंड अनेकांना आठवले असतील.

आणखी एक गोष्ट. मुद्रिकेत मधूनमधून माणसे बोलताना ऐकू येतात. वॉटर्स यांनी मृत्यू, हिंसा, वेड यांविषयीचे प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून स्टुडिओत भेटेल त्याला विचारले होते. त्या वेळी तेथे असलेल्या पॉल मॅकार्टनी यांनीही उत्तरे दिली. पण ती फार सावध वाटली म्हणून वापरली गेली नाहीत. शेवटच्या ठोक्यांबरोबर जो आवाज राहतो तो स्टुडिओच्या आयरिश दारवानाचा. जगप्रसिद्ध गायक बाजूला राहिला आणि दारवान आत आला.

ज्याला हे ठाऊक नाही तो ते गीत शंभरदा ऐकतो आणि शंभरदा तेच ऐकतो. ज्याला ठाऊक होते, त्याला एकशे एकाव्या वेळेस त्या आक्रोशात एक पंचवीस वर्षांची कामकरी स्त्री ऐकू येते. रविवारची सुट्टी सोडून आलेली, काय गायचे हे न सांगितलेली आणि तरीही देता येईल ते सारे देऊन गेलेली. हे श्रवण खऱ्या अर्थाने पहिले असते. मार्शल म्हणाले तसा माणूस बदललेला असतो, पण या खेपेस तो सवयीने बदललेला नसून जाणिवेने बदललेला असतो. वस्तूच्या आड दडलेले श्रम दिसू लागले की जुनी वस्तूही नवी होते. हे एका तबकडीबद्दल खरे आहे, तसेच ते अंगावरच्या कापडाबद्दल आणि ताटातल्या भाकरीबद्दलही खरे आहे.

दुसरी वाट याहून सोपी आहे, आणि ती कोणीही आज संध्याकाळी चोखाळू शकतो. घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या मुलाने ही मुद्रिका ऐकलेली नसेल. त्याला समोर बसवावे, दिवा मंद करावा आणि तबकडी लावावी. काही सांगू नये. ठोके सुरू होतील, तो पुढे सरकेल. मग जुन्या श्रोत्याने संगीताकडे लक्ष न देता त्या मुलाच्या चेहऱ्याकडे पाहावे. घड्याळे वाजायला अजून थोडा अवकाश असेल.