घाटातली गाडी का थांबते?

आज बचत, व्याज, हप्ता असलं काहीच बोलणार नाही. आज बोलायचंय खेळण्यातल्या आगगाडीवर. हसू नका, या गाडीत आमच्या गटाचे नऊ हजार रुपये अडकले होते.

झालं असं, चाकणजवळच्या एका सोसायटीच्या गणपती मंडळाने आमच्या गटाला देखाव्याचं काम दिलं. विषय खंडाळ्याचा घाट. डोंगर, बोगदा, आणि त्यातून फिरणारी गाडी. गाडीचा संच मंडळाकडे आधीपासून होता. डोंगर, रंग, झाडी आमची. चार हजार आगाऊ मिळाले, ते प्लायवूड आणि पीओपीत गेले. बाकीचे पाच हजार गाडी फिरली तर. गटातल्या दोघींना त्याच महिन्यात ठेकेदाराने कामावरून कमी केलं होतं, त्यामुळे हे पैसे त्यांच्या घरी किराण्याचे होते.

बाप्पा यायला दोन दिवस राहिले आणि गाडी बोगद्याच्या पलीकडे जाऊन थांबायला लागली. हाताने ढकलली की चालायची, पुढच्या फेरीला पुन्हा तिथेच. मंडळातले एक दादा म्हणाले, “ताई, हे तुमचं काम नाही, वायरमन बोलवा.” वायरमन आला, गाडीकडे बघितलं, अॅडाप्टर बदलावा लागेल म्हणाला आणि दीड हजार सांगितले. त्याने मीटर लावलासुद्धा नव्हता.

आता मला सांगा, आपल्या चाकण-म्हाळुंगे पट्ट्यात गाड्यांचं वायरिंग कोण बनवतं? हार्नेसच्या लाइनवर किती बायका उभ्या असतात! टर्मिनल क्रिंप करायचं, बोर्डावर लावायचं, कंटिन्युटी तपासायची. आमच्या कमी केलेल्या दोघीतली एक ताई सहा वर्षं टेस्टिंग बोर्डावर होती. ती म्हणाली, “आधी गाडी खराब का रूळ खराब, एवढं तरी बघू.” तिथून सगळं सुरू झालं.

ही गाडी चालते कशी, ते आधी सांगते. रुळाच्या दोन पट्ट्या म्हणजे दोन वायरी. एकीत प्लस, दुसरीत मायनस, साधारण १२ व्होल्ट डीसी. इंजिनाची चाकं रुळावरून करंट उचलतात आणि आतली मोटर फिरते. प्लस-मायनस उलटं केलं की गाडी उलटी धावते. खऱ्या लोणावळा लोकलला करंट वरच्या तारेतून येतो, २५ हजार व्होल्ट, आणि रुळातून परत जातो. शिवाय खऱ्या रुळात सिग्नलसाठीही बारीक करंट सोडतात. गाडीच्या चाकांनी दोन्ही रूळ जोडले गेले की सिग्नल लाल होतो.

तर ताईने इंजिन उचललं आणि कंट्रोलरच्या दोन वायरी सरळ त्याच्या चाकांना लावल्या. चाकं गरगर फिरली. म्हणजे अॅडाप्टर ठीक, मोटर ठीक. दीड हजार तिथेच वाचले. दोष रुळात.

मग रूळ पुसले. फडकं काळंकुट्ट झालं. रंगाचा धुरळा, तेल, हाताचा घाम. पुसायला कंपनीत ज्याला आयपीए म्हणतात ते स्पिरिट घेतलं. ते पेट घेतं, तेव्हा दिवा, उदबत्ती लांब ठेवा. आणि पॉलिश पेपर मारू नका, ओरखड्यांत घाण आणखी बसते. इंजिनाची चाकंही पुसली. गाडी आधीपेक्षा बरी चालली, पण बोगद्यामागे मंद ती मंदच.

मग मीटर लावला, आणि इथे आम्ही फसलो. बोगद्यामागच्या रुळावर मीटरने चक्क बारा दाखवले! मी म्हटलं, मग बिघाड कुठाय? ताई हसली. म्हणाली, “रिकाम्या वायरीला काय विचारता, काम दिल्यावर विचारा.” तिने मोटरसायकलचा पाच वॉटचा छोटा बल्ब त्या रुळावर जोडला आणि पुन्हा मोजलं. सात. कंट्रोलरपाशी तोच बल्ब लावला तर पावणेबारा. विहिरीचा पाइप चेपलेला असावा तसं हे: नळ बंद असताना दाब पुरेसा दिसतो, नळ उघडला की धार बारीक.

मग एकेका जोडाच्या अलीकडे-पलीकडे मोजत गेलो. रुळाचे तुकडे पत्र्याच्या बारीक क्लिपने जोडलेले असतात. बोगद्यातल्या एका जोडात पीओपी शिरलं होतं. म्हणजे दोष आमचाच, डोंगर आम्हीच केला होता. तो जोड काढायचा तर डोंगर फोडावा लागला असता. त्याऐवजी प्लायला बारीक भोकं पाडली आणि कंट्रोलरपासून लाल-काळ्या वायरीच्या चार जोड्या खालून नेऊन चार ठिकाणी रुळाला डाग दिला. आता करंटला जोडांवर अवलंबून राहायचं काम नाही.

चालू केलं, तर कंट्रोलरचा लाल दिवा लागला आणि सगळंच ठप्प! शॉर्ट. रात्रीचे अकरा वाजलेले, घरून फोन येत होते. ताईने अॅडाप्टर काढला आणि इंजिनही रुळावरून उचललं, कारण मोटरमधूनही मीटर बीप देतो. मग मीटर लाल-काळ्यावर ठेवला, बीप. चारातल्या दोन जोड्या सोडल्या, बीप बंद. म्हणजे दोष त्या दोनांतच. एक परत लावली, बीप. सापडली! मीच त्या जोडीची लाल वायर बाहेरच्या रुळाला लावली होती. बाकी सगळीकडे लाल आतल्या रुळाला होती. उलट केली, आणि गाडी घाटातून सुसाट निघाली. आम्ही अकरा जणी इतक्या ओरडलो की वॉचमन धावत आला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आरतीनंतर मंडळाचा फोन, गाडी बंद, लाल दिवा लागलाय. ताईला या वेळी मीटर काढावाच लागला नाही. कुणीतरी भाविकाने बाप्पासमोर टाकलेलं नाणं घरंगळून बरोब्बर दोन रुळांवर आडवं बसलं होतं. या गाडीचे रूळ एकमेकांपासून साडेसोळा मिलिमीटरवर असतात, नाणं त्याहून मोठं. नाणं पेटीत टाकलं, गाडी सुरू. चमकी, जरीचा धागा, खिळा, यांनीही हेच होतं. आम्ही पुढे दोरी बांधली.

एक मात्र नीट ऐका. हे सगळं बारा व्होल्टच्या बाजूचं. अॅडाप्टर ज्या सॉकेटमध्ये जातो तिथे २३० व्होल्ट असतात, तिथे हात घालायचा नाही. अॅडाप्टर उघडायचा नाही. मांडवात पाऊस गळतो, जमीन ओली असते, म्हणून तिथली लाइन ईएलसीबीवरच हवी. त्यासाठी वायरमन बोलवा आणि त्याचे पैसे आनंदाने द्या.

पाच हजार विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मिळाले. त्यातले साडेचारशे देऊन गटाने स्वतःचा मीटर घेतला. आधीचा ताईच्या भावाचा होता. मग एका रविवारी आम्ही सगळ्या पुण्याला गेलो. कोथरूडला कर्वे रोडवर जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशींनी छंदातून उभं केलेलं, १९९८ साली लोकांसाठी उघडलं. अख्खं छोटं शहर, त्यात गाड्या, सिग्नल, दिवे. पोरं गाड्या बघत होती. आमची ताई मात्र वाकून मांडणीच्या खालच्या वायरी कुठे दिसतात का ते बघत होती.

यंदा दोन मंडळांनी विचारलंय. दर ताईने ठरवलाय, आणि वायरिंगचे पैसे वेगळे लावलेत.