तारिणीवरचे दिवस



तारिणी ही शिडाची नाव. गोव्यात बांधलेली. लांबी अवघी ५६ फूट. आपल्या नौदलातल्या सहा स्त्री-अधिकारी १० सप्टेंबर २०१७ ला तिच्यातून गोव्याहून निघाल्या. वर्तिका जोशी त्यांच्या प्रमुख. पृथ्वीला वळसा घालून त्या २१ मे २०१८ ला गोव्याला परतल्या.

वाटेत न्यूझीलंड सोडले, ते थेट फॉकलंड बेटे गाठली. मध्ये सुमारे ४० दिवस नुसते पाणी! मग अशा नावेवर दिवस कसा काढायचा?

भर समुद्रात नाव रात्रीपुरती थांबवता येत नाही. नांगर टाकावा, तर तळ लागत नाही. म्हणून पाटाच्या पाण्याला असतात तशा इथे जागण्याच्या पाळ्या असतात. पाळीवरच्या माणसाच्या अंगाला पट्टा असतो. पट्ट्याची दोरी नावेला बांधलेली. अंधारात पाण्यात पडलेले माणूस सापडणे फार कठीण.

नाव सारखी कलते. म्हणून चूल झोळीसारखी टांगलेली असते. नाव कलली तरी भांडे सरळ राहते. गोडे पाणी मोजून वापरायचे. भांडी खाऱ्या पाण्यानेच घासायची.

आणि एक काम कधी चुकवायचे नाही. नाव कुठे आहे, वारा कुठला आहे, हे वेळच्या वेळी वहीत लिहायचे. पुढच्या पाळीचे माणूस उठले की आधी ती वही वाचते. मग पहिले माणूस निजायला जाते.

वहीतल्या त्या चार ओळी खऱ्या हव्यात, बरं का! बाकीचे त्यांच्याच भरवशावर झोपलेले असतात.