रिपोर्ट बोलतो, रोगीही बोलला पाहिजे



मी डॉक्टर नाही, शिक्षक आहे. प्रश्न विचारणे हा आमचा रोजचा व्यवसाय, म्हणून आज एका प्रश्नाविषयीच बोलतो. मधुमेहाच्या रोग्याला "साखर किती?" असे सगळेच विचारतात. "तुम्हाला कसे वाटते?" असे किती जण विचारतात?

विचारल्याने काय घडते, हे आपल्याच भागात दिसून आले आहे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' संस्थेचे काम सुरू केले. तेथील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची त्यांनी विचारपूस व तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. त्याआधी तशी तपासणी झाली होती अवघ्या ८ टक्क्यांची. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने हा अभ्यास प्रसिद्ध केला. दुखणे घरोघरी होते. विचारणारे कोणी नव्हते.

मधुमेहाच्या संशोधनातही रोग्याला विचारण्याची गरज पटली आहे. अमेरिका व कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात इन्शुलिन घेणाऱ्या १,४४१ रोग्यांचा अभ्यास झाला. कडक उपचारांनी डोळे, मूत्रपिंडे व नसा यांची हानी पुष्कळ घटते, हे त्यात सिद्ध झाले. मात्र साखर धोकादायक उतरण्याचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले. मग असे उपचार माणसाला सोसवतात का? याचे उत्तर रक्ताच्या तपासणीत नसते. म्हणून समाधान, काळजी, कामातील अडथळे यांविषयी छापील प्रश्नावली भरून घेतली गेली. या उपचारांनी एकंदर जीवन अधिक कष्टाचे झाले नाही, हे रोग्यांच्याच उत्तरांवरून कळले.

आपल्या समाजाशी थेट संबंध असलेला अभ्यास २००१ सालचा. १३ देशांतील बारा हजारांहून अधिक मधुमेही मुसलमानांना रमजानविषयी विचारण्यात आले. रमजानमध्ये साखर फार उतरून दवाखान्यात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण इतर महिन्यांच्या कितीतरी पट निघाले. तरीही निम्म्याहून अधिक लोकांनी औषधाच्या मात्रेत बदल केलेला नव्हता.

आता आपल्या घराकडे पाहू. समजा, बल्लारपूरच्या कोळसा खाणीत रात्रपाळी करणाऱ्या एका गृहस्थांची तीन महिन्यांची सरासरी साखर उत्तम आली. पण पहाटे त्यांना घाम सुटतो, हातपाय कापतात. सरासरीत हे दिसत नाही. ते "ठीक आहे, साहेब" म्हणून उठले, तर तीच मात्रा पुढे चालू राहते आणि एखाद्या पहाटे ते शुद्ध हरपून पडू शकतात.

विद्यार्थी मित्रांनो, येथे तुमचे शिक्षण कामी येते. दादी आपल्या बोलीत पाच वाक्ये सांगतात आणि सोबतचा नातू डॉक्टरांना मराठीत एकच सांगतो, "बरं आहे म्हणतात." असे करू नका. पाचही वाक्ये सांगा. घरी एक वही ठेवा. चक्कर, घाम, पायांची आग, झोपमोड, औषध चुकले तो दिवस, मनाची धास्ती, हे सारे तारखेसह लिहा. रमजान येण्याच्या महिना-दोन महिने आधी ती वही डॉक्टरांना दाखवा व रोजे आणि औषधाविषयी त्यांचा सल्ला घ्या. आपल्या मनाने औषध वाढवू नका, बंदही करू नका.

पालकहो, दुखणे सांगणे म्हणजे तक्रार करणे नव्हे. तुम्ही सांगाल, तेवढेच डॉक्टरांना कळेल.