परसातील काजू

पेकन हे अक्रोडाच्या कुळातील अमेरिकन झाड परसात लावण्याची हौस एखाद्या गृहस्थास व्हावी, हे स्वाभाविक आहे. परंतु त्या झाडास हिवाळ्यात पाने गाळून थंडीची दीर्घ झोप घ्यावी लागते. मालवण किनाऱ्यावरील तोंडवलीच्या दमट हवेत ती कोठून मिळावी? तेथे दुसराच एक परदेशी पाहुणा कधीचा रुजला आहे. तो म्हणजे काजू. मूळचा ब्राझीलचा, सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तो गोव्यास आणला, आणि जांभ्या दगडाच्या ज्या वरकस जमिनीत भात पिकत नाही तीत त्याने आपले घर केले.

पुष्कळ घरांत आवडीचा टपोरा बी पेरतात. हीच पहिली चूक होय. परपरागीभवनामुळे बियांचे झाड मातेसारखे निपजेलच असे नाही, आणि हे कळेपर्यंत चार-पाच वर्षे निघून गेलेली असतात. यास्तव मृदुकाष्ठ कलमच लावावे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने १९७४ साली प्रसारित केलेली 'वेंगुर्ला-१' ही जात जवळच्याच अणसूर गावच्या झाडातून निवडलेली आहे. म्हणजे कोणाच्या तरी परसातील गुण सर्वांस मिळाला. 'वेंगुर्ला-७' ही १९९७ची. तिचा एक बी सुमारे १० ग्रॅम भरतो.

पावसाच्या आरंभी दोन फूट लांब, रुंद व खोल खड्ड्यात कुजलेले शेणखत घालून कलम लावावे. दोन झाडांत पंचवीस फूट अंतर असावे. जोडाखालील फुटवा निर्दयपणे काढावा. नाहीतर कलम मरते आणि रायवळ माजते.

पण खरा घात होतो तो पुढे. घर तोंडवलीस आणि संसार मुंबईस, अशा कुटुंबाचे झाड बहुधा खोडकिड्याने जाते. अळी बुंध्याची साल आतून पोखरते. बाहेर दिसतो तो चिमूटभर भुसा व थोडा डिंक. गणपतीस हिरवेगार पाहिलेले झाड शिमग्यास पिवळे दिसते, आणि तोवर सालीचे कडे पुरते पोखरलेले असते. भुसा वेळीच दिसला, तर तारेने अळी ओढून काढता येते व झाड वाचते. तेव्हा घराची किल्ली ज्या शेजाऱ्याकडे ठेवावयाची, त्यासच महिन्यातून एकदा बुंधा पाहण्यास सांगावे, आणि चैत्रात ओल्या काजूगरांची उसळ करताना त्याचा वाटा आधी काढावा.