सामान कुठे उतरवायचे?

मंडळी, बसा. मागे बसलेल्या बायांनी पुढे यावे, म्हणजे फळा नीट दिसेल.

आज आम्ही संगणकाविषयी चार शब्द सांगणार आहोत. घाबरू नका. आम्ही जुने मॅट्रिक. आम्ही शिकत होतो तेव्हा गावात कुणी संगणक पाहिला नव्हता. नोकरीच्या शेवटी शेवटी शाळेत संगणक आला, तेव्हा आम्ही तो आमच्याच विद्यार्थ्यांकडून शिकलो. आम्हाला कळले, ते तुम्हालाही कळेल.

समजा, तुम्ही वैजापूरहून खताच्या दहा गोण्या आणल्या. टेम्पो दारात उभा राहिला. हमाल विचारतो, "मामा, गोण्या कुठं टाकू?" तुम्ही काय म्हणता? "टाक कुठंही," असे म्हणता का? नाही. चुलीपाशी तुम्ही त्या टाकू देत नाही. दाण्यांच्या कोठीजवळही नाही. तुम्ही उठता, जागा दाखवता आणि गोण्या तिथेच उतरवून घेता. घर तुमचे आहे. सामान कुठे राहील, हे तुम्हीच ठरवता.

संगणकावर नवा प्रोग्राम घालताना संगणकही असेच विचारतो, "हे सामान कुठे ठेवू?" पण तो इंग्रजीत विचारतो. तुम्ही उत्तर दिले नाही, तर तो थांबत नाही. स्वतःच्या मनाने जागा धरतो.

आता ही जागा म्हणजे काय, ते पाहू.

संगणकात एक डिस्क असते. सगळे सामान तिच्यावर राहते. धान्य क्विंटलमध्ये मोजतो, तशी डिस्कवरची जागा जीबीमध्ये मोजतात. आपल्या वाचनालयातल्या संगणकाची डिस्क ५०० जीबीची आहे. विंडोज मात्र ती ४६५ दाखवते. कुणी चोरी केलेली नाही. कारखानदार हजाराच्या मापाने मोजतो, विंडोज १०२४ च्या मापाने मोजते. माल तोच, माप वेगळे.

या डिस्कवर मध्ये भिंत घालून दोन खोल्या केल्या आहेत. एकीचे नाव सी, दुसरीचे नाव डी. तुम्ही विचाराल, ए आणि बी कुठे गेल्या? पूर्वीच्या संगणकात फ्लॉपी नावाची पातळ चकती घालत. ए आणि बी ही अक्षरे तिच्यासाठी राखलेली होती. फ्लॉपी गेली, पण मोजणी सीपासून सुरू करायची रीत राहिली.

सी ही राहती खोली. तिथे खुद्द विंडोज राहते. विंडोज म्हणजे घरचा कारभारी. सारे प्रोग्राम त्याच्या हाताखाली चालतात. या कारभाऱ्याला हात-पाय पसरायला जागा लागते. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ ला निदान ६४ जीबीची डिस्क लागते. पुढे दर महिन्याला नवी दुरुस्ती येते, तिलाही जागा लागते. सी खोली छतापर्यंत भरली, तर कारभारी गुदमरतो. संगणक मंद होतो, दुरुस्ती घेत नाही, मध्येच अडतो.

आता आमच्या हातून घडलेली एक चूक सांगतो.

वाचनालयातला संगणक गावच्याच एका मुलाने दिला. तो पुण्याला नोकरीला आहे. त्या संगणकाची सी होती १०० जीबीची आणि डी ३६५ जीबीची. प्रोग्राम घालायला एक जाणता पोरगा आला. त्याने बटण दाबले, नेक्स्ट. पुन्हा नेक्स्ट. पुन्हा नेक्स्ट. पडद्यावर काय लिहिले आहे, ते त्याने वाचले नाही. आम्ही शेजारीच बसलो होतो. चष्मा खिशात होता. आम्हीही वाचले नाही.

दोन वर्षांत सी भरली. डी जवळजवळ रिकामी पडली होती. एके दिवशी संगणक सुरूच होईना. दुरुस्त करणारा म्हणाला, "सी पुसून विंडोज नव्याने घालावी लागेल." आम्ही म्हणालो, "घाल." त्याने सी पुसली.

बचत गटाच्या बारा बायांचा तीन वर्षांचा हिशेब त्या संगणकावर होता. आम्हीच तो डेस्कटॉपवर ठेवला होता. डेस्कटॉप म्हणजे संगणक सुरू केल्यावर समोर दिसतो, तो पडदा. आम्हाला वाटे, समोर दिसते म्हणजे ते वेगळे कुठे तरी आहे. पण डेस्कटॉप सी खोलीतच असतो. डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स ही खातीही नेहमी तिथेच असतात. सी पुसली, तसा हिशेबही पुसला गेला.

बाया रागावल्या नाहीत. घरोघरच्या पावत्या गोळा करून अकरा रात्री बसल्या. हिशेब पुन्हा उभा केला. एका मावशींच्या सातशे रुपयांची पावती सापडली नाही. गटाने त्यांच्या शब्दावर ते पैसे मान्य केले. पण मावशी आम्हाला म्हणाल्या, "गुरुजी, पैसे तर भेटले. पण माझं खरं आहे, हे समद्यांला सांगत बसावं लागलं. त्याचं वाईट वाटलं."

मंडळी, हे बोल आमच्या काळजाला लागले. चूक आमची होती आणि मान खाली घालावी लागली मावशींना.

तेव्हापासून आम्ही हा विषय नीट समजून घेतला. तोच तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट. प्रोग्राम नुसता ठेवत नाहीत, तो बसवावा लागतो. विहिरीवरच्या मोटारीसारखे हे आहे. मोटार विहिरीवर नुसती नेऊन ठेवली तर पाणी येते का? ती बसवावी लागते. पाइप जोडावा लागतो, स्टार्टरला वायर द्यावी लागते. प्रोग्रामचेही तसेच. तो बसताना विंडोज आपल्या नोंदवहीत त्याची नोंद करते. कुठे बसला, त्याला काय काय जोडले, सगळे लिहून ठेवते. म्हणून बसवलेला प्रोग्राम सीमधून उचलून डीमध्ये टाकला, तर तो बहुधा चालत नाही. आधी तो रीतसर काढावा, मग नव्या जागी पुन्हा बसवावा. त्यापेक्षा बसवतानाच जागा ठरवलेली बरी.

दुसरी गोष्ट. जागा ठरवण्याआधी खोल्या पाहाव्या. 'धिस पीसी' नावाचे चित्र उघडा. तिथे सी आणि डी दिसतात. प्रत्येकीखाली एक पट्टी असते आणि किती जागा मोकळी आहे तो आकडा असतो. पट्टी निळी असेल तर ठीक. दहावा हिस्साही मोकळा उरला नाही, की ती लाल होते. लाल पट्टी दिसली, तर त्या खोलीत नवे सामान नको. सीमध्ये पंचवीस जीबी तरी नेहमी मोकळी ठेवावी, असा आम्ही नेम केला आहे.

इथे एक सावधगिरी सांगतो. डी हे अक्षर दिसले म्हणजे ती खोलीच, असे नाही. काही संगणकांत डी म्हणजे पेन ड्राइव्ह असतो किंवा सीडी घालायची जागा असते. पेन ड्राइव्हवर प्रोग्राम बसवला आणि कुणी तो काढून खिशात घातला, तर प्रोग्राम कसा चालणार? आणि काही संगणकांत सी ही एकच खोली असते. तिथे निवडायला दुसरी जागाच नाही. मग नको असलेले प्रोग्राम काढून जागा करावी.

तिसरी गोष्ट. प्रोग्राम बसवताना पडदा वाचावा. घाई करू नये. उदाहरणार्थ, लिब्रे ऑफिस नावाचा प्रोग्राम आहे. त्यात अर्ज लिहिता येतो, हिशेब मांडता येतो आणि तो फुकट मिळतो. त्याला सुमारे दीड जीबी जागा लागते. तो बसवताना दोन शब्द समोर येतात. एक 'टिपिकल', म्हणजे नेहमीच्या रीतीने. दुसरा 'कस्टम', म्हणजे तुमच्या मर्जीने. कस्टम निवडले, की जागा दिसते. तिथेच 'चेंज' असे बटण असते. चेंज म्हणजे बदला. दुसऱ्या काही प्रोग्राममध्ये या बटणाला 'ब्राउज' म्हणतात. ब्राउज म्हणजे जागा शोधा.

जागेचा पत्ता असा लिहिलेला असतो: आधी सी हे अक्षर, मग दोन टिंबे, मग एक तिरकी रेघ, मग 'प्रोग्राम फाइल्स' हे शब्द. आधी गाव आणि मग गल्ली, तसाच हा पत्ता. पहिले अक्षर पाहिले, की खोली कळली. सामान डीमध्ये हवे असेल, तर ते बटण दाबून डीमधले खाते निवडावे.

सगळेच प्रोग्राम असे विचारत नाहीत. गूगल क्रोम विचारत नाही, थेट सीमध्ये जाऊन बसतो. मायक्रोसॉफ्टचे नवे ऑफिसही तसेच. विंडोजच्या स्वतःच्या दुकानातून, म्हणजे स्टोअरमधून, जे प्रोग्राम येतात, त्यांची जागा मात्र आधीच ठरवता येते. सेटिंग्ज उघडा. त्यात सिस्टिम, त्यात स्टोरेज, आणि त्यात नवे सामान कुठे ठेवायचे ते सांगायची सोय आहे.

पडद्यावर लहान चौकोन असतात, त्यांत बरोबरची खूण असते. तेही वाचा. कधी कधी एका पाहुण्याबरोबर दुसरे चार अनोळखी पाहुणे घरात शिरू पाहतात. ती खूण काढली, की ते बाहेर राहतात. शेवटी विंडोज विचारते, "या प्रोग्रामला संगणकात बदल करू द्यायचे का?" तिथे प्रोग्रामचे आणि तो करणाऱ्याचे नाव असते. नाव ओळखीचे नसेल, तर 'नो' म्हणा. नाही म्हणायला लाजू नये.

आता तुम्ही म्हणाल, "गुरुजी, मग सगळंच डीमध्ये टाकून देऊ." तसेही नको. सीमधल्या प्रोग्राम फाइल्स या खात्याला कुलूप असते. मालकाच्या परवानगीवाचून तिथे कुणाला फेरफार करता येत नाही. डीमध्ये आपण केलेल्या साध्या खात्याला बहुधा तसले कुलूप नसते. शिवाय काही संगणकांत सी ही नव्या जातीच्या, चपळ डिस्कवर असते आणि डी जुन्या, संथ डिस्कवर. रोजचे काम सीवर झटपट होते. म्हणून आमचा हिशेब साधा आहे. सीमध्ये जागा असेल, तर रोजचा प्रोग्राम सीमध्येच राहू द्या. जागा कमी असेल आणि प्रोग्राम मोठा असेल, तर तो डीमध्ये बसवा.

पण तुमचे कागद? ते सीमध्ये ठेवू नका. सातबाऱ्याची नक्कल, मुलांचे दाखले, गटाचा हिशेब, लग्नाचे फोटो डीमध्ये ठेवा. प्रोग्राम गेला तर पुन्हा आणता येतो. तीन वर्षांचा हिशेब पुन्हा कुठून आणणार? आणि एवढ्यावरही थांबू नका. आपल्या संगणकात सी आणि डी एकाच छपराखालच्या दोन खोल्या आहेत. डिस्कच बिघडली, तर छप्पर दोन्हींवर पडते. म्हणून एक नक्कल पेन ड्राइव्हवर घ्या आणि ती घरी पेटीत ठेवा.

मंडळी, तुम्ही या वर्गात का आलात? पूर्वी कागद समोर आला, की तुम्ही अंगठा उठवत होता. आत काय लिहिले आहे, ते दुसरा सांगेल तेच खरे. कुणाचे वावर त्यात गेले, कुणावर नसलेले कर्ज चढले. तो अंगठा सोडायला तुम्ही पाटी हातात घेतली. न वाचता नेक्स्ट दाबणे हाही अंगठाच आहे. आम्ही मॅट्रिक झालेलो, पण त्या दिवशी आम्हीही अंगठाच उठवला.

गेल्या महिन्यात वाचनालयाच्या संगणकावर लिब्रे ऑफिस घालायचे होते. पुन्हा एक पोरगा आला. त्याने नेक्स्टवर बोट ठेवले. त्याच मावशी मागे उभ्या होत्या. या वर्गात त्या मराठी अक्षरे शिकल्या आणि इंग्रजीही ओळखायला लागल्या आहेत. त्या म्हणाल्या, "थांब रे बाळा. तिथं सी लिहिलंय. आपल्या सीमध्ये जागा आहे का, ते पहिलं बघ."

पोराने पाहिले. अठ्ठावन्न जीबी मोकळी होती. मावशी म्हणाल्या, "मग राहू दे सीमध्येच."

प्रोग्राम बसला. पोरगा उठायला लागला, तशा मावशी पुन्हा बोलल्या, "अन् आमचा हिशेब कुठं आहे, ते दाखव."

त्याने डी उघडून दाखवली. गटाचे नाव मावशींनी स्वतः वाचले. मग कमरेच्या पिशवीतून पेन ड्राइव्ह काढून त्याच्या हातात दिला.

आम्ही या खेपेला चष्मा लावूनच बसलो होतो. पण आम्हाला काही बोलावे लागले नाही.