नोंद नसलेले दिवस

मी कविता लिहिणारा माणूस. सैन्यात मी कधी नव्हतो. पण आमच्या मोहल्ल्यात बी. ए. झालेल्या माणसाकडे लोक कवितेसाठी कमी आणि अर्ज लिहून घेण्यासाठी जास्त येतात. रेशनकार्डापासून वारसनोंदीपर्यंत नाना प्रकारचे अर्ज मी लिहिले. त्यातले सगळ्यांत अवघड अर्ज होते प्रादेशिक सेनेतल्या जवानांचे. म्हणजे टेरिटोरियल आर्मीचे. आज त्यांच्याविषयी बोलणार आहे.

प्रादेशिक सेनेचा कायदा १९४८ साली झाला. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी तेव्हाचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी तिचं उद्घाटन केलं. कल्पना अशी, की माणसानं आपला पोटापाण्याचा उद्योग करावा, प्रशिक्षण घेऊन तयार राहावं आणि गरज पडली की गणवेश चढवून हजर व्हावं. १९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही युद्धांत ही माणसं कामाला आली. पुढे काश्मीरात आणि ईशान्येकडेही त्यांच्या पलटणी राहिल्या. आपल्याकडे पुण्याला आणि कोल्हापूरला अशा पलटणी आहेत.

आता पेन्शनचं गणित पाहा. नियमित सैन्यातला जवान भरती झाल्यापासून निवृत्त होईपर्यंत सलग नोकरीत असतो. प्रादेशिक सेनेतल्या जवानाचं तसं नाही. तो कधी बोलावला जातो, कधी घरी पाठवला जातो. बोलावलेल्या काळाला ‘एम्बॉडीड’ सेवा म्हणतात, आणि पेन्शनसाठी धरली जाते ती हीच. शिपायापासून जेसीओपर्यंत अशी एकूण १५ वर्षं भरावी लागतात, अधिकाऱ्याला २०. मधे खंड पडला म्हणून आधीची सेवा वाया जात नाही. पण खंडातला दिवस मोजलाही जात नाही. १५ वर्षं म्हणजे जवळजवळ साडेपाच हजार दिवस. ते तुकड्यातुकड्यानं जमा व्हायचे. एक तुकडा हरवला, की माणूस काठावर येऊन थांबतो.

तुकडा हरवतो कसा? पलटणीत जवानाच्या बाबतीत जे जे घडतं, म्हणजे हजर होणं, रजा, बढती, लग्न, मुलाचा जन्म, घरी सोडणं, ते ‘पार्ट टू ऑर्डर’ म्हणून निघतं. त्याची प्रत रेकॉर्ड ऑफिसात जाते आणि तिथं जवानाच्या शीट रोलवर ती नोंद चढते. वाटेत ती प्रत गहाळ झाली, किंवा नोंद चढवायची राहिली, तर बर्फात काढलेले दिवस कागदावर उगवतच नाहीत. त्या वेळी जवानाला ते कळत नाही. कळतं ते वीस वर्षांनी, पेन्शनचा हिशेब होताना.

आमच्या गल्लीतल्या एका चाचांचं असंच झालं. १९८९ साली ते भरती झाले, २०१० साली परतले. पलटण परराज्यातली. मधल्या काळात घरी असले की टेम्पो चालवायचे. हिशेब आला १४ वर्षं ७ महिन्यांचा. ‘पेन्शन अनुज्ञेय नाही’ एवढंच एका ओळीत लिहून आलं. चाचा म्हणाले, १९९६ सालचे आठ महिने यात नाहीत. ते आठ महिने ते काश्मीरात होते. पण त्या बोलावणीची नोंदच नव्हती.

आम्ही अर्ज केला. उत्तर आलं, ‘पुरावा सादर करावा’. चाचांकडे होत्या त्या आठवणी. चौकीचं नाव, सुभेदाराचं गाव, नाल्याचं पाणी कधी गोठलं, सगळं त्यांना पाठ. पण आठवणीला जावक क्रमांक नसतो. तेव्हा चाचींनी ट्रंक उघडली. लुगड्यांच्या घडीखाली मनीऑर्डरची कूपनं होती. फॉर्मचा जो तुकडा पैसे घेणाऱ्याकडे राहतो, तो. मागं दोन ओळी खुशालीच्या, आणि वर लष्करी टपालाचा शिक्का, तारखेसकट. आठ महिन्यांची सहा कूपनं निघाली. चाची मला म्हणाल्या, “भाई, पगार दिला तेव्हा हे तिथं होते, आणि पेन्शन द्यायच्या वेळी नव्हते, असं कसं?”

मी अर्जात पुढे जे काही लिहिलं, ते या एका वाक्याचंच सरकारी भाषांतर होतं. पगाराची खातेवही वेगळ्या कार्यालयात असते. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली आम्ही त्या आठ महिन्यांच्या पगाराच्या नोंदीची प्रमाणित प्रत मागवली. पगार निघालेला होता. सरकारच्या एका वहीत हा माणूस होता, दुसरीत नव्हता. दोन्ही वह्या समोरासमोर आणायला अडीच वर्षं लागली. मग दुरुस्ती झाली, १५ वर्षं ३ महिने भरले, पेन्शन सुरू झालं. चाचांनी पहिल्या महिन्यात दवाखान्याची उधारी फेडली.

ही गत आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत राखीव दलातल्या सैनिकाचं पेन्शन गुणांवर मोजतात. महिन्यातल्या एका शनिवार-रविवारच्या कवायतीचे ४ गुण, पूर्णवेळ सेवेच्या दिवसाला १ गुण. वर्षाला ५० गुण झाले तर ते वर्ष धरलं जातं, आणि अशी २० वर्षं लागतात. ४९ गुण झाले तर पेन्शनपात्रतेच्या मोजणीतून ते वर्ष गेलं. तिथं नोंदी दुरुस्त करायला प्रत्येक लष्करी खात्याचं स्वतंत्र मंडळ आहे. चूक लक्षात आल्यापासून ३ वर्षांत अर्ज करायचा. न्यायासाठी गरज असेल तर ही मुदतही शिथिल होते. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसच्या अभिलेखागाराला आग लागली आणि सुमारे १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकांच्या फायली जळाल्या. त्यांच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या. तेव्हा पगाराची बिलं आणि इतर सरकारी कागद यांवरून माणसांची सेवा पुन्हा उभी करावी लागली. म्हणजे चाचींनी ट्रंकेतून जे केलं, तेच.

मला सांगायचं आहे ते एवढंच, की नोंद ठेवणं हे काम सरकारचं आहे, जवानाचं नाही. ती हरवली तर शोधायचा भार त्याच्या म्हातारपणावर टाकू नये. जवानाला घरी सोडण्याआधी पगाराची वही आणि सेवेची वही एकदा ताडून पाहायला काय हरकत आहे? पेन्शन ही मेहेरबानी नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८२ सालीच नकारांच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे.

पण तोवर आपणच सावध राहायला हवं. प्रत्येक बोलावणीचा हजर झाल्याचा आणि सोडल्याचा आदेश, दोन्हींच्या प्रती घरी ठेवा. बायकोमुलांची नावं नोकरीत असतानाच तपासा. आमच्याकडे एका कागदावर बाईचं नुसतं नाव असतं, दुसऱ्यावर पुढं ‘बी’, तिसऱ्यावर ‘बेगम’. हिंदू घरांत लग्नात नाव बदलतं, आणि शाळेच्या दाखल्यावरची सुमन सैन्याच्या कागदावर वेगळीच कोणी असते. नवरा गेल्यावर ती सुमन मीच, हे त्या बाईला सिद्ध करत बसावं लागतं. अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथंही भागलं नाही, तर २००७ च्या कायद्यानं स्थापन झालेलं सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे.

आणि दिवाळीची किंवा ईदची साफसफाई करताना जुन्या पत्रांचा गठ्ठा रद्दीत टाकण्याआधी पाकिटावरचा शिक्का एकदा बघा. ज्यानं पत्र लिहिलं तो तेव्हा कुठं होता, हे सांगणारा कदाचित तेवढा एकच साक्षीदार उरलेला असेल.