मातीचा बैल की लाकडी?

खेळण्यांची चढाओढ काही नवी नाही. अमेरिकेत १९६४ साली 'जी. आय. जो' हा शिपाई बाजारात आला, १९८२ साली 'ही-मॅन' आला. मग पोरांत दोन तट पडले.

आपल्याकडे अशी जोडी पोळ्याला दिसते. बुलढाण्याकडे श्रावण अमावास्येला मातीचे बैल पुजतात. नागपूरकडे दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. तेथे मुले चाकांचे लाकडी बैल दोरीने ओढीत मिरवतात. लाकडी बैल देखणा, दणकट, धाकट्या भावालाही पुरतो. मातीच्या बैलाचे शिंग चार दिवसांत मोडते. बाजारात लाकडी बैल जिंकणारच!

पण मातीचा मोडला, तर पोर दुसरा घडवते. वशिंड कोठे, खूर कसे, हे त्याच्या बोटांना कळते. ट्रॅक्टर आले, पुष्कळ दावणी रिकाम्या झाल्या. म्हणून हे कळणे आज अधिक मोलाचे.

तेव्हा गुरुजी, पोळ्याआधी एक तास मातीकामाला द्या. काळी माती वाळताना तडकते, तीत थोडा बारीक भुसा मळा. आणि घडवण्याआधी मुलांना एखाद्या गोठ्यात नेऊन खरा बैल नीट पाहू द्या.